अस्तरवालीचं चित्र

धाकट्याने रस्त्याच्या पलीकडे फोटोचं दुकान थाटलं आणि नानांनी अंथरूण धरलं, त्या वर्षाची ही गोष्ट. त्या घरात साल सांगायचं झालं तर तसंच सांगत: अमका जन्मला तो दुकानाच्या आधी, तमकीचं लग्न झालं ते दुकानाच्या नंतर.

घराचा धंदा माणसांची तैलचित्रं काढण्याचा. नाना चेहरा काढत, थोरला मुलगा कपडे आणि बटणं, धाकटा हात आणि हातातली काठी किंवा पुस्तक. गावात चेष्टा चाले की या घरात माणूस तुकड्यातुकड्याने तयार होतो, आणि पैसे पोचले नाहीत तर हातांवाचून राहतो. या सगळ्यांच्या आधी कापडावर हात फिरे तो थोरल्या सुनेचा. ती अस्तर घालायची. घरात तिला थोरली म्हणत, बाहेर अस्तरवाली.

हे अस्तर काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुसरीकडे चित्राआधी सगळ्या कापडाला एकच करडा हात देतात. नानांची रीत वेगळी होती. जिथे चेहरा यायचा तिथे गेरू आणि सफेदा, जिथे कोट यायचा तिथे निळसर काळा, मागच्या भिंतीच्या जागी हिरवट. वर खरं चित्र चढलं की खालचा रंग आतून उजेड देई, आणि नानांचे चेहरे जिवंत वाटत ते त्यामुळेच. पण नुसतं अस्तर पाहणाऱ्याला काय दिसणार? डाग. एक लाल, एक काळा, एक हिरवा. परक्याने विचारलं असतं, हे काय सांडलंय? त्या घरात कुणी विचारत नसे. तिथे डागांचं कापड म्हणजे कामाला तयार असलेलं कापड.

लग्न होऊन आल्यापासून थोरलीने शेकडो अस्तरं घातली, आणि त्या सगळ्यांवर कुणी ना कुणी येऊन बसला. सावकार बसले, वकील बसले, एकदा तर एक कुत्रा बसला. तिची काही तक्रार नव्हती. फक्त कधीकधी एखादं अस्तर असं जमे की त्यावर माणूस चढताना तिला बघवत नसे, आणि ती उगाच विहिरीवर जाऊन बसे.

धाकटा वेगळा झाला, नाना भिंतीकडे तोंड करून पडले, गिऱ्हाईक थांबलं. त्या रिकाम्या दिवसांत तिने घरातल्या सगळ्यांत मोठ्या कापडावर अस्तर घातलं, सवयीने. ते कुणी मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्यावर आणखी एक हात दिला. मग आणखी. वरून लाल खाली उतरू बघतोय, खालचा निळा त्याला येऊ देत नाही, आणि दोघांच्या मध्ये एक हिरवट पांढरी चीर, सुरीच्या पात्याएवढी. ती चीर तिने कितीदा पुसली आणि कितीदा काढली. एक दिवस ब्रश उचलला आणि लावायला काही सुचेना, तेव्हा तिला कळलं की झालं.

नवऱ्याला दाखवलं. तो समोर उभा राहिला.

"कोण आहे हे?"

"कुणी नाही."

"मग काय आहे?"

"काही नाही. एवढंच आहे."

"मग बघताना मला धाप का लागते गं?" थोरला म्हणाला, आणि घाम पुसून बाहेर गेला.

धाकटा कधीमधी मागच्या दाराने आईला भेटायला यायचा, नानांना चाहूल लागू न देता. त्याने ते पाहिलं. तो फोटोवाला झाला होता तरी नजर घरचीच होती. थोरलीने एका फळीवर असाच एक लहान प्रयत्न केला होता, तो त्याने शहरात नेऊन दाखवला. तिथे काही माणसं नव्या तऱ्हेच्या चित्रांचं प्रदर्शन भरवत होती. त्यांचा निरोप आला, मोठं चित्र आम्हाला द्या. आमचा माणूस दुपारच्या बोटीने येईल आणि त्याच बोटीने परत फिरेल. बोट धक्क्याला फार थांबत नसे. त्या दिवशी चित्र गेलं तर गेलं, नाहीतर प्रदर्शन त्याच्यावाचून उघडणार होतं.

त्या सकाळी थोरली चित्र गुंडाळायला गोणपाट आणि सुतळी आणायला बाजारात गेली. परत आली तर सासूबाई उंबऱ्यातच उभ्या. डोळे रडून लाल, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"उठलेत गं!" त्या कुजबुजल्या. "स्वतःच्या पायांनी उठले. बंदरमास्तर आलेत ना, माझं चित्र नानाच काढतील नाहीतर नको म्हणून हटून बसले. हे म्हणाले, माझा सदरा आण."

"कुठे आहेत?"

"कामाच्या खोलीत. मीच धरून नेलं. कापडही आम्हीच काढलं. निवृत्त झालेत ना, बंदराच्या कचेरीत लावायचंय म्हणून मोठंच हवं होतं, ते मागच्या खोलीत भिंतीला लावलेलं..."

थोरलीच्या हातातली सुतळी खाली पडली. ओलं अस्तर तोंड भिंतीकडे करून वाळवायचं ही त्या घराची शिस्त. तिने आपलं चित्रही तसंच ठेवलं होतं, दुसरी जागाच नव्हती.

ती आत निघाली तशी सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. त्यांना चित्राचं माहीत होतं, धाकट्याकडून. "अवाक्षर काढू नकोस. डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? धक्का बसता कामा नये. इतक्या महिन्यांनी माणूस उभा राहिलाय. तू तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"सासूबाई, ते अस्तर नाहीये."

"आज आहे," सासूबाई म्हणाल्या.

कामाच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीचा उजेड होता. खुर्चीत बंदरमास्तर पूर्ण गणवेशात बसले होते, पोट आत ओढून. समोर ईझल, त्यावर तिचं चित्र, आणि चित्रासमोर नाना. हातात कोळशाची कांडी. सदरा अंगावर लोंबत होता. कोपऱ्यात थोरला रंग घोटायची दगडी पुढ्यात घेऊन बसला होता आणि बायकोकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

नानांनी लाल डागावर चेहऱ्याचा लांबट गोल काढला होता.

कोळसा आहे, थोरलीने मनाशी म्हटलं. कोळसा पावाच्या गराने उचलता येतो. अजून काही बिघडलेलं नाही.

"नाना, एक विनंती," बंदरमास्तर चेहरा हलू न देता ओठांच्या कडेतून बोलले. "नाक जरा आवरतं घ्या. नोकरीत ते सगळीकडे खुपसलं, आता भिंतीवर तरी नको."

"गप्प बसा. हनुवटी हलते."

नानांनी गोल पुसला. थोडा डावीकडे काढला. मागे सरकून पाहिलं. पुन्हा पुसला, वर घेतला. पूर्वी नाना चेहऱ्याची जागा एका झटक्यात धरत, डोळे मिटून धरतील असं लोक म्हणत. आता कांडी कापडावर फिरत होती आणि कुठेच बसत नव्हती. खोलीतले सगळे एकमेकांची नजर चुकवत होते, कारण सगळ्यांच्या मनात एकच होतं. म्हातारा संपला.

"बोट आज वेळेवर येणार का हो?" थोरल्याने उगाच विचारलं.

"माझ्या वेळी यायची," बंदरमास्तर म्हणाले. "आताचं देवाला माहीत."

"सूनबाई आली का?" नाना मागे न बघता म्हणाले. "अस्तर तुझं ना हे? कसं घातलंयस? पाय ठेवू देत नाही."

थोरलीच्या जिभेवर शब्द आले होते. दारातून सासूबाईंचे डोळे तिच्यावर रोखलेले होते.

"महिना झाला त्याला, मामंजी," ती एवढंच म्हणाली.

"हं. चेहऱ्याचा रंग कालव. गेरू, सफेदा, चिमूटभर पिवळा."

म्हणजे तिनेच कालवायचा. आपल्या चित्रावर चढणारी कातडी आपल्याच हाताने. ती दगडीसमोर बसली. थोरला बाजूला सरकला आणि दगडावर वाकल्यासारखं करून पुटपुटला, "मी सांगू?"

"तुम्ही सांगाल आणि त्यांना काही झालं तर आयुष्यभर तुम्हाला ऐकावं लागेल."

"आणि तू सांगितलंस तर?"

तिने रंगात जवसाचं तेल घातलं, मग आणखी घातलं. तेल जास्त असलं की रंग लवकर धरत नाही, पुसायला वेळ मिळतो. एवढीच चोरी तिला करता येण्यासारखी होती.

नानांनी ब्रश बुडवून वर धरला. "हे काय? रंग आहे की रस्सा?"

"उन्हाळा आहे मामंजी, लवकर वाळेल म्हणून..."

"मला शिकव तू," नाना म्हणाले, पण ब्रश कापडाकडे गेला.

पहिला फटकारा लाल डागाच्या मधोमध बसला. कपाळाचा. थोरलीला तो आपल्या पाठीवर बसल्यासारखा वाटला. दुसरा त्याच्या खाली, गालाचा. थांबून, मागे सरकून, पुन्हा पुढे येऊन, नानांनी तिसरा द्यायला हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. बंदरमास्तरांचं पोटसुद्धा आत ओढलेलं तसंच थांबलं होतं.

नानांनी हात खाली घेतला.

"नाही जमत," ते म्हणाले. आवाज इतका साधा होता की आधी कुणाला अर्थच लागला नाही. "जागा दिसत नाही मला. हात गेला माझा."

"उद्या जमेल," सासूबाई दारातून घाईने म्हणाल्या. "पहिलाच दिवस आहे. जरा पडा आता."

"उद्या काय जमेल? उद्या हात नवा येणार आहे?" नाना एकदम भडकले. मानेच्या शिरा टरारल्या. "तो पलीकडचा बरोबर बोलला होता. डबीसमोर बसवा, झाकण उघडा, झाला चेहरा! बाप कशाला हवा!" त्यांनी ब्रश रंगात खुपसला, गच्च भरला, आणि हात थेट चित्राच्या मध्यावर गेला. त्या चिरेवर.

लांबून भोंगा ऐकू आला. बोट खाडीच्या तोंडाशी आली होती.

"थांबा!" थोरली ओरडली.

ती म्हाताऱ्याच्या कळवळ्याने ओरडली नाही, हे इथे सांगितलेलं बरं. ब्रश चिरेकडे निघाला होता म्हणून ओरडली. लाल पुन्हा घालता आला असता, निळा घालता आला असता. ती चीर तिला पुन्हा काढता आली नसती.

ब्रश कापडापासून बोटभर अंतरावर थांबला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मामंजी, ते अस्तर नाही."

"काय?"

"अस्तर नाही ते. झालेलं चित्र आहे. माझं."

नाना वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. थोरला उठून त्यांना धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी कोपराने दूर केलं.

"कशाचं चित्र?"

"कशाचंच नाही."

"कोण बसलं होतं समोर?"

"कुणी नाही."

"तू आपल्या मनाने केलंस?"

"हो."

"आणि मी तासभर त्याच्याशी झगडतोय, आणि तुम्ही सगळे बघत बसलात?" नानांनी एकेकाकडे पाहिलं. थोरल्याने मान खाली घातली. "तुला माहीत होतं?"

"हो नाना."

"तुला?"

सासूबाई रडायला लागल्या. "तुम्हाला धक्का बसेल म्हणून..."

"मला वाटलं हात मेला! यापेक्षा मोठा धक्का कुठला देणार होतात तुम्ही?"

ते ईझलकडे फिरले. थोरलीला वाटलं आता लाथ घालतील. पूर्वी एकदा एका बिघडलेल्या चित्राला घातली होती. त्यांनी ब्रश खाली ठेवला, डोळे बारीक केले आणि चित्राच्या अगदी जवळ गेले, मग पाय ओढत पार मागच्या भिंतीपर्यंत गेले. तिथून पाहिलं. भोंगा पुन्हा वाजला, जवळून. बोट धक्क्याला लागत होती आणि नाना अजून चित्रच बघत होते.

"याला चित्र म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठाऊक नाही," शेवटी नाना म्हणाले. "पण यात आता जागा नाही. चेहरा कुठे बसणार? भरलंय हे." मग आपल्याच हाताकडे बघत हळूच म्हणाले, "तरीच."

सासूबाईंचं रडणं थांबलं.

"गोणपाट कशाला आणलंय?" नानांनी विचारलं. दारातली सुतळी त्यांनी पाहिली होती.

"शहरातून माणूस येतोय. प्रदर्शनात मांडायला नेतोय. याच बोटीने."

"कुणाच्या ओळखीने?"

ही वेळ येणार हे तिला माहीत होतं. थोरल्याने तिच्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. पण आता एकदा तोंड उघडलं होतं.

"भाऊजींच्या."

नानांनी खिडकीकडे पाहिलं. तिच्यातून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी दिसायची म्हणून त्या खिडकीच्या खालच्या काचा त्यांनी रंगवून टाकायला लावल्या होत्या. त्या काचांकडे ते थोडा वेळ बघत राहिले.

"घेऊन जा हे माझ्या घरातून," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. पण आधी माझं पुसून घे. माझा एक फटकारासुद्धा त्याच्या ओळखीने कुठे जाता कामा नये."

थोरला धावत टर्पेंटाइनची बाटली घेऊन आला.

"ते नको, माझा रंग खातं!" थोरलीने बाटली ढकलली. "नुसती कोरडी चिंधी द्या. आणि पाव आणा, पाव!"

तिने चिंधी बोटाला गुंडाळली आणि कपाळाचा फटकारा कडेकडून आत उचलायला सुरुवात केली. घासायचं नाही, टिपायचं. जास्तीचं तेल कामी आलं. रंग अजून निसरडा होता, सुटून येत होता. थोरला पाव कुस्करून कोळसा टिपत होता. बंदरमास्तर खुर्चीतून उठले, अवघडलेले खांदे मोकळे केले, आणि पहिल्यांदाच समोरून पाहिलं.

"हा मी होतो?" त्यांनी विचारलं.

त्यांनी टोपी काढली. नंतर ती काखेत धरून ते दाराशी जाऊन उभे राहिले, धक्क्याकडून कोण येतंय ते बघायला. "माणूस उतरला," ते ओरडले. "छत्रीवाला. पळतोय. त्या वेगाने आला तर चौकात पडणार."

कपाळ निघालं. गाल निघेना. तिथे नानांनी ब्रश दाबला होता. चिंधीवर गव्हाळ रंग आला, मग त्याच्याबरोबर लाल आला. तिचा लाल. तिने हात मागे घेतला. नखाएवढी जागा फिकी पडली होती.

"आणखी पुसशील तर भोक पाडशील," नाना मागून म्हणाले. "सोड."

"पण तुमचं थोडं राहतंय तिथे."

नाना पुढे आले. वाकून पाहिलं. त्यांचा श्वास तिच्या कानाशी वाजत होता. "तेवढं कुणाला कळणार नाही," ते म्हणाले. "गुंडाळ."

छत्रीवाला आला तो धापा टाकत, एक मोजा घसरलेला. त्याने नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही. चित्र पाहिलं आणि धापही विसरला. मग म्हणाला, "वरची बाजू कुठली?"

"जिकडे माझं डोकं होतं ती," बंदरमास्तर म्हणाले.

थोरल्याने आणि छत्रीवाल्याने मिळून ते गोणपाटात बांधलं. सुतळीची गाठ थोरलीने मारली. दोघे पुरुष ते उचलून रस्त्याने धावले. थोरली उंबऱ्यात उभी राहून बघत होती. पलीकडच्या दुकानाच्या दारात धाकटा उभा होता, पण घराकडे यायची त्याची हिंमत झाली नाही. तिसरा भोंगा झाला. बऱ्याच वेळाने थोरला एकटा परत आला आणि पायरीवर बसला. "चढलं," तो म्हणाला. "बोटीची फळी उचलत होते तेवढ्यात."

आत नानांचा आवाज चढला होता. "सूनबाई! अस्तर आण. या वेळी खरं आण. आणि मास्तर, बसा. तुम्हाला कुणी जायला सांगितलं?"

तिने मागच्या खोलीतलं एक जुनं अस्तर आणलं, वकिलासाठी घातलेलं, वकील मेल्यामुळे उरलेलं. ईझलवर चढवलं. नानांनी कोळसा घेतला आणि एका झटक्यात चेहऱ्याची जागा धरली. कांडी कुठे अडली नाही. संध्याकाळचा उजेड जाईपर्यंत कपाळ, डोळे आणि नाक झालं होतं. नाक आवरतं घेतलेलं नव्हतं. बंदरमास्तरांनी ते पाहून सुस्कारा सोडला आणि म्हणाले, आहे ते आहे.

सासूबाईंनी थोरलीला त्या रात्री जेवायला वाढलं नाही. नंतर वाढू लागल्या, पण त्या दिवसाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि शपथ मोडल्याचं त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. शहरात ते चित्र एका कोपऱ्यात लावलं होतं. लोक हसले, एकाने भांडण काढलं. थोडी माणसं मात्र समोर उभी राहत आणि निघायचं विसरत, असं धाकट्याने आईला मागच्या दारात सांगितलं. थोरलीने आणखी चित्रं केली. आता ती मोठी कापडं वेगळी ठेवायची, तोंड खोलीकडे करून.

नानांनी बंदरमास्तरांनंतर आणखी दोन-तीन चेहरे पुरे केले. धाकट्याला त्यांनी घरात घेतलं नाही. त्याच वर्षी, थंडी पडायला लागली त्या आठवड्यात, सकाळी तोंड धुताना नाना गेले.